ऑगस्टमध्ये सात, नोव्हेंबरमध्ये डी: सोळाव्या वर्षी नेमकं काय बदलतं?

ऑगस्टमधला गुरुवार. कॉव्हेंट्रीत सकाळचे साडेनऊ, पुण्यात दुपारचे दोन. जीसीएसईचा निकाल लागलाय आणि चिंचवडहून आजीचा व्हिडिओ कॉल आलाय.

"किती टक्के पडले रे?"

"आजी, इथे टक्के नसतात. गणितात सात, फिजिक्सला सात, केमिस्ट्रीत आठ."

"कितीपैकी?"

"नऊपैकी."

आजी मनातल्या मनात भागाकार करते. नवापैकी सात म्हणजे सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्के. "म्हणजे डिस्टिंक्शन की!" म्हणते आणि पेढे आणायला कुणाला तरी पिटाळते.

तीन महिने जातात. नोव्हेंबरमध्ये ए-लेव्हल गणिताची पहिली चाचणी होते आणि तोच नातू 'डी' घेऊन घरी येतो. आईला वाटतं, मोबाइलमुळे. बाबांना वाटतं, मित्रांमुळे. मुलाला वाटतं, आपल्याला गणित कधी येतच नव्हतं. तिघांचंही निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं.

हे घर काल्पनिक आहे, पण तसं घर कॉव्हेंट्रीत शोधायला फार हिंडावं लागत नाही. टाटा मोटर्सने २००५ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या आवारात आपलं युरोपातलं तंत्रज्ञान केंद्र उघडलं. २००८ मध्ये त्यांनी जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली, तिचं मुख्यालय कॉव्हेंट्रीच्या व्हिटली भागात आहे. पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरला हे शहर त्यामुळे अगदीच परकं राहिलं नाही. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली माणसं राहून जातात, आणि प्रायमरीत घातलेली मुलं बघता बघता सोळा वर्षांची होतात. मग आईवडिलांना कळतं की मुलाच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड सांधा आता आलाय, आणि आपण स्वतः तो दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच पद्धतीने ओलांडला होता.

पण आठवून पाहा, आपल्याकडेही हे होतंच. दहावीला नव्वदच्या वर टक्के, सायन्सला प्रवेश, आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत काठावर पास. 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' असं सांगणारा एखादा काकाही प्रत्येक घरात असायचा. हा धक्का नेमका कशाने बसतो, त्यातलं काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, ते आज पाहू.

पायरी कुठली?

इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनच्या शेवटी मुलं साधारण आठ ते दहा विषयांत जीसीएसई देतात. त्यानंतरची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्मची, आणि तिथे बहुतेक मुलं तीनच विषय ए-लेव्हलला घेतात. दोन वर्षं जे शिकवलं त्याची परीक्षा एकदम शेवटी होते.

म्युनिक, दुबई किंवा सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत तुमचं मूल असेल तर नावं वेगळी असतील. तिथे अकरा ते सोळा या वयासाठी आयबीचा 'मिडल इयर्स प्रोग्रॅम', म्हणजे एमवायपी असतो आणि पुढची दोन वर्षं 'डिप्लोमा प्रोग्रॅम', म्हणजे डीपी. त्यात सहा विषय असतात. साधारणपणे तीन वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तासांचे, आणि तीन खालच्या पातळीवर, प्रत्येकी १५० तासांचे. प्रत्येक विषयाला ७ गुण, म्हणजे ४२. शिवाय ४,००० शब्दांचा प्रबंध आणि ज्ञानमीमांसेचा विषय मिळून ३. एकूण ४५.

रस्ते वेगळे असले तरी पायरी एकच आहे. सोळापर्यंत पुष्कळ विषयांची ओळख झालेली असते, आणि सोळानंतर थोड्या विषयांत खोल उतरायचं असतं. खोल उतरताना आधीचा पाया किती भक्कम आहे ते कळतं, आणि निकालपत्रावर नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

सात म्हणजे किती?

आता आजीच्या भागाकाराकडे वळू. नऊ ते एक ही श्रेणीपद्धत २०१७ च्या निकालात पहिल्यांदा आली, आधी गणित आणि इंग्रजीला. हे आकडे म्हणजे गुण नव्हेत. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी, हे दरवर्षी पेपर किती अवघड होता ते पाहून ठरतं. गणिताच्या हायर पातळीला मोठ्या परीक्षा मंडळांचे ८० गुणांचे तीन पेपर असतात, एकूण २४०. त्यात 'सात'ची रेषा साधारण साठ टक्क्यांच्या आगेमागे पडते. म्हणजे सात मिळवणाऱ्या मुलाचे ऐंशी-नव्वद गुण सहज गेलेले असू शकतात.

ते गुण कुठे गेले, हा खरा प्रश्न. गणिताचा पेपर सोप्याकडून अवघडाकडे जातो. सुरुवातीला टक्केवारी, गुणोत्तरं, आलेख वाचणं. शेवटच्या पानांवर करणी, अपूर्णांकातले घातांक, बीजगणिती अपूर्णांक, पूर्ण वर्ग करणं, फलनं, सिद्धता. आणि ए-लेव्हल गणिताची सुरुवात बहुतेक ठिकाणी कशाने होते? घातांक, करणी, वर्गसमीकरणं. ज्या पानांवर मुलाचे गुण गेले, तिथूनच पुढचं पुस्तक सुरू होतं.

एक छोटं उदाहरण घ्या:

क्ष² + ६क्ष + २ = (क्ष + ३)² − ७

याला पूर्ण वर्ग करणं म्हणतात. उजवीकडची बाजू पाहिली की लगेच दिसतं, या वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू क्ष = −३ पाशी आहे आणि तिथली किंमत −७ आहे. जीसीएसईत यावर फार तर तीन-चार गुणांचा एक प्रश्न. तो सोडला तरी सात मिळतो. ए-लेव्हलमध्ये मात्र हा प्रश्न म्हणून येत नाही, वाटेत येतो. वर्तुळाचा केंद्रबिंदू काढताना येतो, एखाद्या राशीची कमाल किंमत काढताना येतो. शिक्षक फळ्यावर ही ओळ न थांबता लिहितात आणि पुढे जातात.

इथे मेंदूची एक मर्यादा आडवी येते. विचार करताना ज्या गोष्टी आपण डोक्यात एका वेळी धरून ठेवतो, त्या जागेला कार्यस्मृती म्हणतात. ती फार लहान असते, एका वेळी चारेक गोष्टी मावतात. जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलेला 'आकलनाचा भार' हा विचार यावरच उभा आहे. आधीचं कौशल्य सवयीचं झालं असेल तर ते या जागेत जवळजवळ काहीच अडवत नाही. झालं नसेल तर सगळी जागा तेच खातं आणि नवीन गोष्टीला शिरायला वाव उरत नाही. ज्याला अजून साधी पोळी नीट लाटता येत नाही, त्याला पुरणपोळी शिकवायला बसलं तर त्याचं सगळं लक्ष लाटण्यावरच राहणार. पुरण फुटलं की आपण म्हणतो, याला पुरणपोळी जमत नाही. वास्तविक त्याची साधी पोळीच कच्ची असते.

हे गणितापुरतं नाही. ए-लेव्हल फिजिक्सच्या परीक्षेत किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यांसाठी ठेवलेले असतात, केमिस्ट्रीत किमान २० टक्के, बायॉलॉजीत किमान १०. गणित कच्चं राहिलं की फिजिक्सही घसरतं आणि घरी वाटतं, सगळंच बिघडलं. बिघाड मात्र एकाच जागी असतो.

एमवायपीतल्या मुलांचं निकालपत्रही असंच काही झाकतं. तिथे प्रत्येक विषयाचे चार निकष असतात, प्रत्येकी ८ गुणांचे, एकूण ३२. २४ ते २७ मिळाले की श्रेणी ६. गणितात पहिला निकष असतो ज्ञान आणि आकलनाचा, दुसरा आकृतिबंध शोधण्याचा, तिसरा नीट मांडणीचा, चौथा रोजच्या जगात वापर करण्याचा. एखाद्या मुलीला ५, ५, ८ आणि ७ मिळाले तर बेरीज २५ आणि श्रेणी ६. छानच. पण डीपीच्या गणितात ८० टक्के गुण लेखी परीक्षेचे आहेत आणि तिथे भिस्त त्या पहिल्या 'पाच'वर असते. सुबक मांडणीच्या आठाने तो पाच झाकला गेला होता.

म्हणून निकाल लागला की श्रेणीवर थांबू नका, आतले गुण मागा. जीसीएसईला शाळेकडून प्रत्येक पेपरचे गुण मिळतात. तपासलेली उत्तरपत्रिकाही शाळेमार्फत मागवता येते. ती पुनर्तपासणीसाठीच असते असं नाही. मुलाबरोबर बसून शेवटची पाच पानं चाळा. कुठे कोरं सोडलंय, कुठे अर्ध्यात थांबलाय, याची यादी करा. बहुधा ती आठ-दहा ओळींची निघेल. 'गणित कच्चं आहे' या वाक्याने घाबरायला होतं, पण आठ-दहा ओळींची यादी संपवता येते.

अकरा आठवड्यांची सुट्टी

जीसीएसईचे पेपर जूनच्या उत्तरार्धात संपतात आणि सिक्स्थ फॉर्म सप्टेंबरात सुरू होतो. मधले दहा-अकरा आठवडे मोकळे. याआधी एवढी सलग सुट्टी मुलाला कधीच मिळालेली नसते. बरीच मुलं या सुट्टीत भारतात जातात, आणि जावंच.

या काळात किती विसरायला होतं? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश श्रम वाचत, एका महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. पहिल्या दिवशी फार मोठी घसरण आणि नंतर हळूहळू.

गणित निरर्थक नसतं, त्यामुळे ते इतकं झपाट्याने जात नाही. पण हातातली सफाई जाते, आणि सफाई गेली की कार्यस्मृतीवर पुन्हा भार. एबिंगहाउसच्या आकड्यांत एक दिलासाही आहे. पूर्ण विसरल्यासारखं वाटलं तरी दुसऱ्यांदा शिकायला कमी कष्ट पडतात. म्हणून जुलैत मुलाला खुशाल हुंदडू द्या. ऑगस्टच्या मध्यापासून तीन आठवडे रोज वीस मिनिटं त्या यादीवर घालवली तर बरंच काही परत येतं. सुट्टीत क्लास लावून ए-लेव्हलचा नवा भाग 'आधीच करून घेण्या'पेक्षा याचा उपयोग अधिक.

वाचून झालं म्हणजे आलं का?

पुष्कळ विषयांची परीक्षा पुन्हा पुन्हा वाचून, रंगीत पेनांनी रेघा मारून निभते. तीन विषयांच्या खोलीत ही पद्धत पुरत नाही. याचा एक सुंदर प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात मुलांना विचारलं होतं, पुढे किती आठवेल असं वाटतं? सगळ्यात जास्त खात्री होती ती नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. घरी यावर एक साधी परीक्षा आहे. मुलगा म्हणाला, "हा धडा झाला," तर पुस्तक मिटून एक कोरा कागद पुढे करा. त्यासाठी तुम्हाला स्वतःला फिजिक्स यायची गरज नाही.

गणिताबाबत आणखी एक गोष्ट आहे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी घनफळाची गणितं एकेका प्रकाराने सोडवली, काहींनी सरमिसळ करून. सराव करताना एकेका प्रकाराने जाणाऱ्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षेत मात्र पहिल्या गटाला २० टक्के आणि दुसऱ्याला ६३ टक्के. कारण परीक्षेत आधी हे ओळखावं लागतं की गणित कुठल्या प्रकारचं आहे, आणि एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवणाऱ्याला ओळखण्याचा सराव कधी झालेलाच नसतो. गृहपाठाला सगळं येतं आणि चाचणीला काही सुचत नाही, ही तक्रार तुमच्या घरात ऐकू येत असेल तर बहुधा कारण हेच.

वासरांत लंगडी गाय

आपल्याकडची म्हण थोडी बोचरी आहे, पण तिच्यात एक मोजता येणारं सत्य आहे. मुलं आपली हुशारी जगाच्या सरासरीशी ताडून पाहत नाहीत, शेजारच्या बाकाशी पाहतात. हर्बर्ट मार्श या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून यावर काम केलं. त्याच्या मांडणीचं नाव 'लहान तळ्यातला मोठा मासा'. सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली, तर निवडक हुशार मुलांच्या शाळेत गेलेल्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. क्षमता तीच राहते, मोजपट्टी बदलते.

सिक्स्थ फॉर्ममध्ये हे एका रात्रीत घडतं. ए-लेव्हल गणिताला बऱ्याच शाळा सात मागतात, काही सहावर घेतात. म्हणजे आधीच्या वर्गात पहिल्या पाचात असलेला मुलगा अशा वर्गात येऊन बसतो जिथे सगळेच आधीचे पहिले पाच आहेत. गावातल्या शाळेत पहिला आलेला मुलगा फर्ग्युसनला किंवा रुईयाला गेल्यावर जे अनुभवायचा, तेच हे.

अशा वेळी "तुझ्या वर्गातल्या अमक्याला किती?" हा प्रश्न घरात विचारू नका. तो प्रश्न मुलाने स्वतःला दिवसातून दहा वेळा विचारलेला असतो. "त्या यादीतल्या किती ओळी संपल्या?" हे विचारा. त्याचं उत्तर शेजारच्या बाकावर अवलंबून नसतं.

मोकळे तास, लहान दिवस

नव्या वेळापत्रकात मोकळे तास असतात. मुलगा दुपारी एक वाजता घरी आलेला पाहून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. खरं तर तो तास बुडवून आलेला नसतो. वर्गात जेवढे तास होतात, साधारण तेवढाच वेळ स्वतः अभ्यास करावा अशी शाळेची अपेक्षा असते. अडचण अशी की वेळेचं नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. सोळा वर्षांच्या मुलाला 'तुझं तू बघ' म्हणणं घाईचं ठरतं आणि त्याच्या डोक्यावर बसणंही चालत नाही. मधला मार्ग असा: कुठल्या मोकळ्या तासाला कुठला विषय, हे त्याने स्वतः ठरवून कागदावर लिहायचं. तुम्ही आठवड्यातून एकदाच तो कागद पाहायचा.

दुसरी गोष्ट झोपेची. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि शाळेची घंटा काही पुढे सरकत नाही. त्यात इथला हिवाळा. कॉव्हेंट्री ५२ अंशांच्याही उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आतच मावळतो. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो, इथे तो आठ तासांचाही नसतो. घड्याळ जाग्यावर ठेवायला सकाळचा उजेड लागतो, आणि पहिल्या सत्राची घसरण नेमकी या अंधारात होते. शाळेपर्यंत चालत जाणं आणि सुट्टीच्या दिवशीही दुपारपर्यंत न झोपणं, हे उपाय साधे आहेत पण परिणाम करतात.

जे दुरुस्त होत नाही

आतापर्यंत सांगितलेलं सगळं सावरता येतं. विषयांची निवड मात्र सावरायला फार कठीण. पहिले काही आठवडे विषय बदलू देतात, मग ती खिडकी बंद होते. परदेशातल्या मराठी घरांना यात एक जादा गाठ असते, कारण पुढे कुठल्या देशात राहू हे अनेकांचं नक्की नसतं.

सगळ्यात चुकणारी जागा सांगतो. डॉक्टर व्हायचं असलेली मुलं इथे बऱ्याचदा बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि गणित घेतात. ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ही निवड उत्तम, तिथे फिजिक्सची सहसा अट नसते. पण भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी नीट तर द्यावी लागतेच, शिवाय बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी तिन्ही लागतात. 'इथे नाही जमलं तर भारत आहेच' असं म्हणणाऱ्या घराने फिजिक्स सोडलं तर तो दरवाजा सोळाव्या वर्षीच बंद होतो, आणि ते कळतं अठराव्या वर्षी.

आयबीतही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात, तिसरा घ्यायचा तर खास परवानगी लागते. गणितातही दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, विश्लेषणाचा आणि उपयोजनाचा. इंजिनिअरिंगकडे जायचं तर पहिला, वरच्या पातळीवर, हे धरून चाला. ए-लेव्हलवाल्यांनी इंजिनिअरिंगसाठी गणित आणि फिजिक्स दोन्ही धरावेत. वॉरिकसारख्या विद्यापीठात गणितच शिकायचं असेल तर फर्दर मॅथ्सचा विचार आत्ताच करायला हवा. त्यामुळे शाळेच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करू नका. मनात असलेल्या दोन-तीन विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी आधी वाचा आणि तिथून मागे या. भारताचा विचार असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षतेचे नियम त्या वर्षीचे पाहा, ते बदलत असतात.

आणि ए-लेव्हल हा एकच रस्ता नाही. २०२० पासून टी-लेव्हल हा दोन वर्षांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम आहे. तो तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा धरतात आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवायचे असतात. आपल्या घरात 'आयटीआय' म्हटल्यावर जे चेहरे होतात तसे करण्याआधी याच गावचा एक मुलगा आठवा. फ्रँक व्हिटल १९०७ मध्ये कॉव्हेंट्रीत जन्मला. विमानदलाने आधी उंची कमी म्हणून त्याला नाकारलं, मग १९२३ मध्ये तो शिकाऊ कामगार म्हणून तिथे शिरला. केंब्रिजला तो पोचला १९३४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. १९३७ मध्ये शेजारच्या रग्बी गावात त्याचं जेट इंजिन पहिल्यांदा चाललं. कॉव्हेंट्रीच्या वाहन संग्रहालयासमोर त्याच्या नावाची दुहेरी कमान उभी आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

दोन वर्षं नव्हे, तीन सत्रं

शेवटचा मुद्दा वेळेचा. दोन वर्षं खूप वाटतात. पण ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्जाची मुदत दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या मध्यात संपते, बाकीच्यांची जानेवारीत. अर्जात शाळा मुलाची अपेक्षित श्रेणी कळवते आणि ती ठरवताना पहिल्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेला मोठं वजन असतं. डीपीतही अपेक्षित गुणच आधी जातात. म्हणजे हाताशी खरी तीन सत्रं असतात. अकरावी 'आरामाची' मानणारा काका कॉव्हेंट्रीत असता तर त्याने मोठं नुकसान केलं असतं.

तेव्हा त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी काय करायचं? चाचणीचा पेपर मागून घ्या. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे दोनपैकी एक खूण करा: नवीन भाग कळला नाही, की जुनं बीजगणित अडलं? माझा अंदाज आहे की दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त निघतील. त्या निघाल्या तर बरंच. कारण मग मुलाला सांगता येतं, तुझी पुरणपोळी नव्हे, साधी पोळी अडते आहे, आणि ती आपण नाताळच्या सुट्टीत लाटून लाटून पक्की करू. खुणा पहिल्या प्रकारच्या निघाल्या तर शिक्षकांना त्याच आठवड्यात भेटा, मार्चची वाट पाहू नका.

आणि आजीचा फोन आला तर तिलाही खरं ते सांगा. दहावीनंतर अकरावीत गडगडलेला तिच्या घरातला एक मुलगा तिला नक्की आठवत असतो. बहुधा तो आज व्हिटलीत नोकरी करत असतो आणि तिच्या नातवाचा बाप असतो. ती गोष्ट नातवाने तिच्याच तोंडून ऐकली, तर आमच्या सगळ्या आलेखांपेक्षा त्याला जास्त पटेल.